घाटकोपरच्या बसची आठवण कुठे ठेवायची?

जुलै आला की मुंबईत तारखा सुरू होतात. 11 जुलैला माहीम स्टेशनवर 2006 च्या लोकल स्फोटांत गेलेल्यांसाठी फुलं वाहिली जातात. 13 जुलैला 2011 चा झवेरी बाजार, ऑपेरा हाउस आणि दादर आठवतं. 26 जुलैला 2005 चा पाऊस. तो तर घरोघरी पाठ आहे, कोण कुठे अडकलं, कोण कितीला घरी पोचलं. त्यानंतर दोन दिवसांनी 28 जुलै येते. 2003 साली त्या सोमवारी घाटकोपरला, लाल बहादूर शास्त्री मार्गावर, बेस्टच्या एका बसमध्ये बॉम्ब फुटला.

गेल्या वर्षी त्याच तारखेला मी घाटकोपरला बसच्या रांगेत उभी होते. पुढच्यामागच्या पाचसहा जणांना विचारलं, आजचा दिवस कसला, आठवतंय का? एका बाईंनी जरा विचार करून म्हटलं, "ते ट्रेनचं ना?" बाकीच्यांना काहीच आठवलं नाही. त्यांत दोघे तरी त्या काळात याच भागात राहणारे होते. माणसं निष्ठुर नव्हती. मी सांगितल्यावर एकाचा चेहरा पडला आणि तो म्हणाला, "अरे हो की. आमच्या शेजारचा मुलगा थोडक्यात वाचला होता."

भर रस्त्यात, रोजच्या बसमध्ये माणसं मारली जातात आणि वीसेक वर्षांत शहराच्या आठवणीतून निघून जातात, हे कसं होतं? याचं उत्तर "लोक विसरभोळे" एवढंच नाही. बस या गोष्टीतच विसरण्याची बरीच कारणं दडलेली आहेत.

आधी, घडलं काय होतं?

डिसेंबर 2002 ते ऑगस्ट 2003 हे नऊ महिने मुंबईला फार वाईट गेले. 2 डिसेंबरला घाटकोपर स्टेशनबाहेर बेस्टच्या बसमध्ये स्फोट झाला. प्रवासी शेवटच्या स्टॉपला उतरून गेले होते, गाडी परतीच्या फेरीसाठी उभी होती. दोन जण गेले, पन्नासच्या आसपास जखमी झाले. बस भरलेली असती तर काय झालं असतं, हा विचार आजही अंगावर काटा आणतो. त्याच दिवशी अंधेरीच्या सीप्झला आणखी एका बसमध्ये बॉम्ब सापडला. तो फुटला नाही.

6 डिसेंबरला मुंबई सेंट्रल स्टेशन, 27 जानेवारीला विलेपार्ले, 13 मार्चला मुलुंडची लोकल. मग 28 जुलैला पुन्हा घाटकोपर, पुन्हा बस, पुन्हा सीटखाली ठेवलेला बॉम्ब. या वेळी गाडी चालू होती आणि आत माणसं होती. चार जणांचा जीव गेला, तीसहून जास्त जखमी झाले. महिनाभराने, 25 ऑगस्टला, गेटवे ऑफ इंडिया आणि झवेरी बाजार इथे दोन टॅक्सींमध्ये स्फोट झाले आणि पन्नासहून जास्त माणसं गेली. त्या मोठ्या आकड्याखाली 28 जुलैचा छोटा आकडा दबला. विसरण्याची सुरुवात इथूनच झाली.

बस आणि टॅक्सी यांत फरक काय?

25 ऑगस्टच्या तपासात एका टॅक्सीवाल्याची साक्ष कळीची ठरली. त्याच्या टॅक्सीत बसून आलेल्या माणसांनी त्याला गेटवेजवळ थांबायला सांगितलं. तो जेवायला गेला आणि तेवढ्यात मागे टॅक्सी उडाली, म्हणून तो वाचला. त्याला आपले प्रवासी आठवत होते. लांबून आणलेले, सोबत बायकामुलं असलेले, भाडं ठरवलेले. आठवणारच.

आता बसच्या कंडक्टरला विचारा. आमच्या मजल्यावरचे एक काका बेस्टमधून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले. त्यांना मी एकदा विचारलं, काका, एका पाळीत किती चेहरे बघायचात? ते म्हणाले, "अगं, चेहरे कोण बघतं? आम्ही हात बघायचो. हात पुढे आला, पैसे घेतले, तिकीट पंच केलं, पुढचा हात." बसमध्ये कुणी कुणाचं नाव विचारत नाही. विमानाला प्रवाशांची यादी असते, लांब पल्ल्याच्या गाडीला आरक्षणाचा तक्ता असतो. शहरातल्या बसला यातलं काहीच नसतं. तिकिटावर पैसे आणि टप्पा, बास.

साध्या दिवशी हीच बसची सगळ्यात सुंदर गोष्ट आहे. 15 जुलै 1926 ला अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी मुंबईची पहिली बस धावली. तेव्हापासून या गाडीने कुणाला नाव-गाव न विचारता शेजारी शेजारी बसवलं आहे. दहशतवादी याच मोकळेपणाचा फायदा घेतो. पिशवी घेऊन चढणारा माणूस वेगळा दिसत नाही, कारण पिशवी तर सगळ्यांकडेच असते. पुढे तपासात आणि आठवण ठेवण्यातही हाच मोकळेपणा आड येतो, कारण बसमध्ये नेमकं कोण होतं याचा कागदच नसतो.

28 जुलैच्या बसचं कोडंही शेवटी बसमधून सुटलं नाही. टॅक्सीच्या धाग्याने पोलीस ज्यांच्यापर्यंत पोचले, त्यांच्यावर बसच्या स्फोटाचाही आरोप ठेवला गेला.

मृतांचा आकडा एकच का नसतो?

28 जुलैचे मृत कुठे चार लिहिलेले असतात, कुठे त्याहून कमी. वाचणाऱ्याला वाटतं कुणीतरी लपवाछपवी करतंय. बहुतेक वेळा कारण साधं असतं. रात्रीची बातमी जागेवर गेलेल्यांना मोजते, दुसऱ्या दिवशीची हॉस्पिटलात गेलेल्यांनाही धरते. तीन आठवड्यांनी भाजलेल्या जखमा चिघळून कुणी गेलं तर त्याची बातमी आतल्या पानावर चार ओळींची येते. कोर्टाच्या आरोपपत्रातला आकडा पोलिसांनी कागदोपत्री सिद्ध केलेला असतो. प्रत्येक आकडा आपापल्या दिवसापुरता खरा असतो.

जखमींचं मोजमाप तर त्याहून कठीण. स्फोटाने हवेत दाबाची लाट तयार होते. मैदानात ती पसरून विरते. बस म्हणजे पत्र्याचा डबा, त्यात ती भिंतींवर आपटून परत फिरते. म्हणून बंद जागेतल्या स्फोटात कानाचे पडदे फाटणं, फुफ्फुसाला मार बसणं, काचांचे तुकडे घुसणं हे जास्त होतं. यातल्या कितीतरी जखमा वरून दिसत नाहीत. हॉस्पिटलातून चौथ्या दिवशी चालत घरी आलेल्या माणसाला जग "बरा झाला" म्हणतं. एका कानाने ऐकू न येणं, बसचं दार आपटलं की दचकून उठणं, नोकरीला जाण्यासाठी बसऐवजी तासभर चालणं, हे कुठल्याच तक्त्यात येत नाही.

1993 ला सगळ्यात जास्त माणसं कुठे गेली?

हा प्रश्न ओळखीच्यांना विचारून बघा. बहुतेक जण शेअर बाजार म्हणतील. 12 मार्च 1993 च्या स्फोटमालिकेत एकूण 257 माणसं गेली. शेअर बाजारात 84. आणि वरळीच्या सेंच्युरी बाजारपाशी 113. भर रस्त्यात ठेवलेल्या गाडीचा स्फोट झाला आणि शेजारून जाणारी बेस्टची बस त्यात सापडली. त्या दिवशीच्या दर पाच मृतांपैकी दोनाहून जास्त या एका ठिकाणचे.

तरी मनात आधी उभी राहते ती शेअर बाजाराची इमारत. कारण उघड आहे. ती उंच आहे, ओळखीची आहे, आजही तिथेच आहे आणि बाजार चढला-पडला की रोज बातम्यांत दिसते. वरळीची बस क्रेनने उचलून नेली. रस्ता धुतला. दुसऱ्या गाड्या त्याच रस्त्याने जायला लागल्या.

बसवरचा हल्ला आठवणीत टिकायला अवघड असतो तो यामुळे. इमारत जागेवर राहते, बस निघून जाते. रस्त्याचा तो तुकडा दुसऱ्या दिवशी पुन्हा नुसता रस्ता होतो, आणि थांबून बघायला काही उरत नाही.

सामूहिक स्मृती म्हणजे काय?

अभ्यासक याला "सामूहिक स्मृती" म्हणतात. एका माणसाच्या डोक्यातली नव्हे, तर सगळ्यांनी मिळून जपलेली आठवण. मोरिस हाल्बवाक्स या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने 1920 च्या दशकात ही कल्पना मांडली. त्याचं म्हणणं असं की माणूस एकट्याने फार काळ आठवू शकत नाही. आजूबाजूची माणसं, जागा, ठरलेले दिवस त्याला आठवण करून देतात, म्हणून आठवण टिकते. हा माणूस स्वतः 1945 मध्ये नाझींच्या बुखेनवाल्ड छळछावणीत मेला.

आपल्याला हे समजायला फ्रान्सला जायची गरज नाही. घरातलं श्राद्ध आठवा. पणजोबांना आपण पाहिलेलंही नसतं. तरी तिथी असते, आईच्या वहीत ती लिहिलेली असते, त्या दिवशी ठरलेली भाजी होते, नाव घेतलं जातं आणि कावळ्याची वाट बघत सगळे खिडकीशी उभे राहतात. वही हरवली आणि तिथी माहीत असणारी आजी गेली की दोन वर्षांत पणजोबा घरातून जातात. प्रेम आटलेलं नसतं, फक्त व्यवस्था मोडलेली असते.

शहराचंही तसंच. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गोळीबारात पडलेली बहुतेक माणसं साधी होती, कामगार होती. ती आजही आपल्याला माहीत आहेत, कारण फ्लोरा फाउंटनपाशी हुतात्मा चौक झाला, 1 मेला तिथे पुष्पचक्र वाहायची रीत पडली. तुकाराम ओंबळे यांचा पुतळा गिरगाव चौपाटीजवळ उभा आहे, तिथून जाणारी शाळेची पोरं विचारतात हे कोण, आणि आईबाप सांगतात. जागा, दिवस आणि नाव, एवढं लागतं. घाटकोपरच्या बसच्या वाट्याला जागा नीट आली नाही, दिवस 26 जुलै आणि 25 ऑगस्टच्या मध्ये चेंगरला, आणि नावं वर्तमानपत्रांच्या जुन्या फायलींत राहिली.

कोर्टात निकाल लागला, मग आठवण राहिली नाही का?

खटला हीसुद्धा आठवणीची वही असते, पण ती फार सावकाश आणि फार वेगळ्या कारणासाठी लिहिली जाते. 28 जुलै आणि 25 ऑगस्टच्या स्फोटांचा खटला 'पोटा' कायद्याखाली चालला. पोटा म्हणजे 2002 चा दहशतवाद प्रतिबंधक कायदा. साध्या कायद्यात पोलिसांपुढे दिलेली कबुली कोर्ट पुरावा म्हणून घेत नाही. या कायद्यात वरिष्ठ अधिकाऱ्यापुढची कबुली काही अटींवर घेता येत होती. 2004 मध्ये तो कायदा रद्द झाला, पण आधीचे खटले चालू राहिले. विशेष न्यायालयाने 2009 मध्ये तिघांना दोषी ठरवून फाशी सुनावली, 2012 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती कायम केली. त्यांची नावं मी इथे मुद्दाम देत नाही. मेलेल्यांची नावं कुणाला सांगता येत नसताना मारणाऱ्यांची पाठ असावीत, हे मला पटत नाही.

2 डिसेंबरच्या स्फोटाचं मात्र वेगळंच झालं. पकडलेल्यांविरुद्धचा खटला टिकला नाही आणि 2005 मध्ये आरोपी सुटले. त्याआधीच, अटक केलेल्यांपैकी एक तरुण अभियंता कोठडीतून पळून गेला असं पोलिसांनी सांगितलं होतं. तो कोठडीतच मेल्याचं पुढे चौकशीत निघालं आणि पोलिसांवरच खुनाचा खटला भरला गेला. म्हणजे त्या बसने घेतलेल्या जिवांत बसमध्ये कधी न चढलेल्या एका मुलाचाही जीव धरावा लागेल. परभणीला त्याची आई होती.

जुलै 2025 मध्ये उच्च न्यायालयाने 2006 च्या लोकल स्फोटांतल्या सगळ्या 12 आरोपींना निर्दोष ठरवलं, तेव्हा हाच प्रश्न पुन्हा समोर आला. गेलेल्यांच्या घरच्यांनी विचारलं, मग आमची माणसं मारली कुणी? ज्यांचं सगळं आठवणं निकालावर टांगलेलं होतं, त्यांच्या पायाखालची जमीन एका दिवसात गेली. गुन्हेगार कोण हे ठरवणं कोर्टाचं काम आहे. गेलेला माणूस कोण होता हे सांगणं कोर्टाचं काम नाही, ते आपलं आहे.

जुन्या जखमेवरची खपली कशाला काढायची?

हा आक्षेप मी मनापासून ऐकते, कारण तो बहुतेक वेळा मायेने घेतलेला असतो. पण खपली कुणाची? ज्यांचं माणूस गेलं त्यांना रोज आठवतंच. त्यांना त्रास आठवण्याचा नसतो, एकट्याने आठवण्याचा असतो. आपण बोलायचं थांबलो की त्यांची जखम भरत नाही, फक्त आपल्याला दिसेनाशी होते.

"मुंबईचं स्पिरिट" या शब्दाने इथे बरंच नुकसान केलं आहे. स्फोटानंतर दुसऱ्या दिवशी लोक बसमध्ये चढले, कारण रोजंदारी बुडाली तर चूल पेटत नाही. त्यांच्या हिमतीला माझा नमस्कार. पण त्या हिमतीचं कौतुक करताना शहराने स्वतःला शोक करायची सुट्टीच दिली नाही.

यामुळे द्वेष वाढणार नाही का? दहशतवाद्यांना प्रसिद्धी मिळणार नाही का?

अर्धवट आठवणीने द्वेष वाढतो. "त्यांनी" केलं, एवढंच लक्षात राहिलं की ते कुणावरही चिकटवता येतं. पूर्ण आठवणीत दोषी ठरलेले तिघे येतात, सुटलेले आरोपी येतात, कोठडीत गेलेला मुलगा येतो, आणि बसमध्ये शेजारी शेजारी बसलेली सगळ्या धर्मांची माणसंही येतात. बॉम्बने सीटवरच्या माणसाची जात विचारली नव्हती.

प्रसिद्धीचं म्हणाल तर ती त्यांना पहिल्या तीन दिवसांत मिळून गेलेली असते. वीस वर्षांनी गेलेल्या माणसाचं नाव, गाव, तो काय काम करायचा, हे पाटीवर लिहिल्याने मारणाऱ्याला काही मिळत नाही.

"रस्ता-अपघातात रोज माणसं मरतात, त्यांची पाटी कोण लावतं?" असंही विचारतात. प्रश्न रास्त आहे. अपघातातला जीव कमी मोलाचा नाहीच. फरक इतकाच की बसमधली ही माणसं ती स्वतः कोण होती म्हणून मारली गेली नाहीत. मुंबईत राहतात, म्हणून मारली गेली. घाव शहरावर होता, अंगावर त्यांनी झेलला. त्यांचं देणं शहराला लागतं.

दुसरीकडे काय केलं?

7 जुलै 2005 ला लंडनमध्ये तीन भुयारी गाड्या आणि एका बसमध्ये स्फोट झाले, 52 माणसं गेली. 30 नंबरची ती दुमजली बस भुयारी रेल्वे बंद पडल्यामुळे नेहमीचा रस्ता सोडून टॅव्हिस्टॉक चौकात आली होती. तिच्यात 13 जणांचा जीव गेला. ती बस नेहमी तिथून जातसुद्धा नव्हती. म्हणजे जागेचा प्रश्न आपल्यापेक्षा अवघड. त्यांनी त्या चौकातच 13 नावं लावली. शिवाय हाइड पार्कमध्ये 52 पोलादी खांब उभे केले, माणसागणिक एक. पुढे न्यायाधीशांसमोर प्रत्येक मृत्यूची चौकशी झाली: हा माणूस कुठे बसला होता, मदत कधी पोचली, तो वाचू शकला असता का. घरच्यांना समोर बसवून हे सांगितलं गेलं.

आपल्याकडे मदतीची व्यवस्थाच उशिरा आली. दहशतवादी हल्ल्यात गेलेल्या सामान्य नागरिकांच्या कुटुंबांसाठी केंद्राची योजना 1 एप्रिल 2008 पासून लागू झाली, आधी 3 लाख, 2016 पासून 5 लाख रुपये. पीडितांना भरपाई देण्याचं कलम फौजदारी कायद्यात 2009 मध्ये आलं. 2002-03 च्या बसमधली माणसं या दोन्हींच्या आधी गेली. त्यांच्यासाठी आज पैशाचा नवा नियम काढणं कठीण असेल. नावं लिहिणं कठीण नाही. घाटकोपर स्टेशनबाहेर बसच्या रांगेत माणूस दहा-पंधरा मिनिटं उभा असतो, तेवढ्यात डोळ्यांना वाचायला काहीतरी हवंच असतं. आणिक डेपोत बेस्टचं संग्रहालय आहे, तिथे ट्रामच्या प्रतिकृती आणि जुन्या तिकिटांच्या शेजारी या बसलाही एक कोपरा मिळू शकतो.

मग आतापर्यंत ही आठवण कुणीच ठेवली नाही?

ठेवली. कंडक्टरांनी. काका सांगतात, 2002 च्या आधी सीटखाली डबा सापडला की तो कुणाचं तरी विसरलेलं जेवण असायचा. उचलायचा, हलवून बघायचा, उपाशी राहिला असेल बिचारा म्हणायचं आणि डेपोत जमा करायचा. "नंतर डबा दिसला की हात पुढे जायचा नाही. आत पोळी-भाजीच असणार हे माहीत असायचं, तरी नाही." शेवटच्या स्टॉपला गाडी रिकामी झाली की मागच्या सीटपासून पुढे येत, प्रत्येक सीटखाली वाकून बघायचं, ही सवय त्यांना लागली ती निवृत्तीपर्यंत.

मागच्या महिन्यात मी त्यांच्याबरोबर बसने घाटकोपरला गेले. नवी एसी गाडी, सीटखाली फूटभर मोकळं. शेवटच्या स्टॉपला सगळे उतरले. मी दारातून वळून पाहिलं तर काका मागेच होते. एका हाताने दांडा धरून, गुडघा सांभाळत, शेवटच्या सीटखाली वाकले होते. मग पुढची सीट. मग त्याच्या पुढची.

"काका, काय राहिलं का?"

"नाही गं," ते म्हणाले. "उतर तू. आलोच."